सातबारा नसलेलं गाणं

घरात गाणं ऐकायला कोणती सिस्टम घ्यावी, हा प्रश्न आपल्याकडे चुकीच्या दुकानात, चुकीच्या माणसाला आणि चुकीच्या वेळी विचारला जातो. दोन टेराबाइटची डिस्क गच्च भरलेली आहे, पण त्यातलं हवं ते हवं तेव्हा सापडत नाही, असा माणूस राजारामपुरीत जाऊन लाखभराची पेटी उचलून आणतो आणि महिन्याभरात मुकाट्याने यूट्यूब लावून बसतो. कारण साधं आहे. डिस्कवर शोधत बसण्यापेक्षा तिथं लवकर सापडतं. मग डिस्क कशाला, आणि पेटी तरी कशाला? असं विचारलं की राग येतो. येऊ दे. पण निदान कोणता ते तरी ओळखा.

कोल्हापूर हे गाण्याचं गाव आहे, असं आपण पाहुण्यांना तांबड्या-पांढऱ्या रश्श्याबरोबर वाढत असतो. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारचे गवई. गायन समाज देवल क्लब १८८३ सालचा. सुधीर फडक्यांचा जन्म इथला. यादी तोंडपाठ असते. मात्र घरातल्या डिस्कवर काय आहे याची यादी मागा, की तोरा उतरतो.

अशी एक डिस्क मी उघडून पाहिली आहे. मालक निवृत्त, कान तयार, चाळीस वर्षांच्या मैफली ऐकलेले. डिस्क हातात देताना ‘कुणाला देऊ नका हं’ असं दोनदा बजावलं. उघडली. आत ‘न्यू फोल्डर’, ‘न्यू फोल्डर (२)’, ‘किशोरीताई बेस्ट’ आणि ‘किशोरीताई बेस्ट फायनल’. त्यांच्या आत ‘ट्रॅक ०१’ ते ‘ट्रॅक ०९’. कलाकार: ‘अननोन आर्टिस्ट’. राग लिहिलेला नाही, ताल नाही, तबल्यावर कोण, पेटीवर कोण, कुठली मैफल, कोणतं साल, काही म्हणजे काही नाही.

“अहो, याच्यावर नावं कुठायत?”

“नावं कशाला? मला सगळं पाठ आहे की.”

“तुम्हाला आहे. चिरंजीवांना आहे का?”

यावर चहा आला.

नावनोंद नसलेला संग्रह म्हणजे सातबारा नसलेली जमीन. तुम्ही कसताय तोवर तुमची, तुम्ही गेलात की कुणाचीच नाही. अल्लादिया खाँसाहेबांच्या जयपूर-अत्रौली घराण्याचं गाणं साठवणाऱ्याने तर हे दहादा ऐकावं. बसंती केदार, ललिता गौरी, नट कामोद, रायसा कानडा, संपूर्ण मालकंस असले अनवट आणि जोडराग ही या घराण्याची मिरवण्याची मिळकत. यमन किंवा भूप विनानाव पडला असेल तर गल्लीतला शिकाऊ पोरगाही ओळखून देईल. रायसा कानडा कोण ओळखणार? तो जाणकार माणूस आज नव्वदीत आहे, किंवा नाहीच. खुद्द अल्लादिया खाँसाहेबांचं एकही ध्वनिमुद्रण मागे राहिलेलं नाही. राहिलं ते शिष्यांच्या गळ्यात आणि त्या रागांच्या नावांत. जिथं गळा उरला नाही तिथं नाव हाच पुरावा, आणि तोच आपण पुसत बसलोय.

नावाची किंमत कळायला आपल्या लोकांना कुणा इंजिनिअरची गरज कधीच नव्हती. १९०२ साली कलकत्त्यात फ्रेड गैसबर्गने गौहर जानचं गाणं तबकडीवर घेतलं, तेव्हा बाईंनी गाणं संपताच इंग्रजीत स्वतःचं नाव पुकारलं. मूळ मुद्रणं छपाईला जर्मनीत, हॅनोव्हरला जायची. तिथल्या कारागिरांना हे कुणाचं गाणं ते कळावं म्हणून ही सोय. म्हणजे नाव कागदावर नाही, आवाजातच कोरलेलं. कागद फाटेल, लेबल निघेल, तरी बाई स्वतःचं नाव सांगत राहणार. पुढे तबकडीच्या लेबलवर गायक आणि राग आला. एलपी आली तेव्हा पाठीमागे चांगला पानभर मजकूर असे. कॅसेटच्या चिठ्ठीत डोळे फोडून वाचावं लागे, पण तबलजी असे. सीडीला पुस्तिका होती. आकाशवाणीवर निवेदिका गाण्याच्या आधी आणि नंतर राग, ताल आणि साथीदारांची नावं न चुकता सांगायची. सांगली केंद्र ऐकत वाढलेल्या पिढीला अर्धे राग त्या निवेदनानेच शिकवले. आणि मग आली एमपी३. गाणं खिशात मावू लागलं, आणि नावं वाटेत सांडली.

सांडली याला कारण आहे. एमपी३ फाइलला नाव-गाव चिकटवण्याची आयडी३ नावाची पद्धत १९९६ साली निघाली. पहिल्या आवृत्तीत सगळ्या माहितीला मिळून १२८ बाइटची जागा. गाण्याच्या नावाला ३० अक्षरं, कलाकाराला ३०, अल्बमला ३०, आणि संगीतप्रकाराला एक आकडा. तो आकडा कशाचा? ८० प्रकारांच्या ठरीव यादीतला. त्या यादीत पोल्का आहे, डेथ मेटल आहे, ‘प्रँक्स’ म्हणजे टवाळीलासुद्धा स्वतंत्र खण आहे. ख्याल नाही. ठुमरी नाही. नाट्यसंगीत, लावणी, अभंग यांचं तर विचारूच नका. आपल्या वाट्याला काय? ‘एथनिक’. तानसेनापासून किशोरीताई आमोणकरांपर्यंत सगळे एका खणात, आणि वर चिठ्ठी: देशी लोक. पुढच्या आवृत्त्यांत जागा आणि खाचा वाढल्या, देवनागरीही आली, पण वापरात राहिल्या त्या मूळच्याच: गाणं, कलाकार, अल्बम. बहुतेक यंत्रं, बहुतेक अॅप्स याच तीन खुंट्यांवर टांगलेली. तीन मिनिटांच्या पॉप गाण्याला त्या पुरतात. पण पाऊण तासाच्या ख्यालात ‘गाणं’ कोणतं? विलंबित बंदिश की द्रुत? मैफलीतल्या ध्वनिमुद्रणाचा ‘अल्बम’ कोणता?

यावर स्ट्रीमिंगवाले सांगतात, संग्रह कशाला बाळगता, आमच्याकडे कोट्यवधी गाणी आहेत. असतील. त्यातल्या बहुतेकांवर तबलजीचं नाव दाखवा. मिळालं तर माझ्यातर्फे मिसळ. राग दिलाच तर एकच राग चार तऱ्हांनी लिहिलेला, म्हणजे एका स्पेलिंगने शोधलं तर उरलेले तीन ढीग नजरेला पडतच नाहीत. आणि जे आज आहे ते उद्या असेल याची हमी कुणी घेतलीय? गूगलने स्वतःची प्ले म्युझिक ही सेवा २०२० साली गुंडाळली, ती काही गूगलकडचे पैसे संपले म्हणून नव्हे. भाड्याच्या घरात भिंतीला खिळा मारायचा नसतो, एवढं तरी आपल्याला कळायला हवं.

बरं, हा त्रास फक्त आपला होता असंही नाही. पाश्चात्त्य अभिजात संगीत ऐकणाऱ्यांना हाच काच होता: रचनाकार वेगळा, वाद्यवृंद वेगळा, संचालक वेगळा, आणि अॅप विचारणार ‘आर्टिस्ट कोण?’ ते ओरडले, तक्रारी केल्या, स्वतःच्या याद्या केल्या. शेवटी अॅपलने २०२१ मध्ये प्राइमफोनिक ही कंपनी विकत घेतली आणि २०२३ मध्ये त्यांच्यासाठी वेगळं अॅप काढलं. आपण काय केलं? ‘हल्ली पूर्वीसारखं गाणं राहिलं नाही’ म्हणून उसासा टाकला आणि ‘ट्रॅक ०७’ लावला.

घरचीच दोन उदाहरणं घ्या. भालजी पेंढारकरांच्या ‘साधी माणसं’ या सिनेमाला संगीत आनंदघन यांचं, आणि आनंदघन म्हणजे लता मंगेशकर, हे कोल्हापुरात रिक्षावाल्यालाही माहीत आहे. तुमच्या लाखाच्या सिस्टमला माहीत नाही. तिथं संगीतकार म्हणून लताबाईंना शोधा, पाटी कोरी. दुसरं, गीतरामायण. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक याप्रमाणे गेलेली ५६ गाणी, एकामागून एक उलगडणारी कथा. फाइलींना नुसते १, २, ३ असे आकडे दिलेले असतील तर कित्येक स्वस्त यंत्रं १ नंतर १० लावतात, मग ११, आणि २ चा नंबर येतो कधीतरी पुढे. अकारविल्हे लावणारी यंत्रं तर वाल्मीकींचंही ऐकत नाहीत. वनवास आधी आणि जन्म मागाहून! फाइलीला ‘०१’ लिहायला दोन सेकंद लागतात. ते करायचं नाही, आणि वायर मात्र चांदीची हवी.

आता दुकानाकडे वळू, कारण पैसे तिथं जातात. गावातल्या एका दुकानात मी स्पीकर ऐकायला गेलो. मालकाने मोठ्या आपुलकीने सिनेमातली मारामारी लावली. काच हलली. “साहेब, नादखुळा आवाज! मागच्या गल्लीत ऐकू जाईल.” मी म्हटलं, मागच्या गल्लीतल्या लोकांनी काय घोडं मारलंय? नुसता तानपुरा लावा. त्याने फोन काढला, ब्लूटूथ जोडलं, तानपुरा लावला, आणि काळ्या खोक्यातून एखादी पिठाची गिरणी दुरून ऐकू यावी तसं काहीतरी निघालं. जवारी नाही, षड्जातून आपसूक उमटणारा गंधार नाही. खोक्यावर मात्र पीएमपीओ नावाखाली हजारांत वॉट छापलेले. तो आकडा म्हणजे क्षणभर, कागदावर, सगळं अनुकूल असताना निघू शकणाऱ्या ताकदीची फुशारकी. स्पीकर सतत किती पेलतो ते पाहायचं तर आरएमएस वॉट विचारा, आणि दिवाणखान्यात ख्याल ऐकायला ते पंचवीस-तीससुद्धा भरपूर होतात. पण विसर्जन मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंतीसमोर उभं राहून ज्यांच्या कानांची घडण झाली, त्यांना छाती हादरल्याशिवाय पैसे वसूल झाल्यासारखं वाटत नाही. मिरजेचा कारागीर तानपुऱ्याच्या घोडीवर तास तास घासून जवारी काढतो. ती ज्या स्पीकरमधून ऐकू येत नाही, तो फुकट दिला तरी घेऊ नये.

दुकानदार निदान पोटासाठी करतो. याच्यापेक्षा तापदायक जात म्हणजे हाय-रेझचे पुजारी. यांना सीडीचा आवाज ‘बारीक’ लागतो. २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झखाली ते बोलत नाहीत. जरा हिशोब मांडू. सीडी सेकंदाला ४४,१०० नमुने घेते, त्यातून साधारण २२,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज पुरता उतरतो. धडधाकट तरुण कानाची धाव २०,००० पर्यंत, आणि साठी ओलांडलेल्या रसिकाची त्याच्याही बरीच अलीकडे. २००७ मध्ये मेयर आणि मोरान यांनी अमेरिकेत लोकांना डोळ्याआड हाय-रेझ आणि सीडीचा दर्जा ऐकवला. शेकडो चाचण्यांत बरोबर उत्तरं आली निम्मी. म्हणजे छापा-काटा. आणि आमचे पुजारी हाय-रेझमध्ये ऐकतात काय? तर केसरबाईंची ७८ची तबकडी! त्या लाखेत सात-आठ हजार हर्ट्झच्या वर खरखरीखेरीज फारसं काही नाही. खरखर अगदी उच्च प्रतीची ऐकू येते, हे मात्र मान्य.

केसरबाईंचं नाव निघालंच आहे तर एक सांगतो. अल्लादिया खाँसाहेबांच्या या शिष्येची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीत गेली. साडेतीन मिनिटं. ती तबकडी कुणाच्या हाती लागणार? लागलीच तर कोण जाणे कुठल्या ताऱ्याकाठच्या कुणाच्या. तरी पाठवणाऱ्यांनी सोबत सुई दिली, आणि कव्हरवर चित्रं कोरली: सुई कुठं टेकवायची, तबकडी किती वेगाने फिरवायची. वेगाचं माप हायड्रोजनच्या अणूवरून दिलं, कारण पलीकडच्याला आपलं घड्याळ माहीत असण्याचं कारण नाही. ज्याला कान आहेत की नाहीत तेही ठाऊक नाही, त्याच्यासाठी एवढी तजवीज. आणि आपण, पोटच्या पोरासाठी, केसरबाईंच्या फाइलीवर राग लिहायला तयार नाही.

मग यंत्र घ्यायचंच नाही का? घ्या ना. पण आधी काम, मग खरेदी. सीडी असतील तर फ्लॅक या प्रकारात उतरवा. २००१ पासूनचा हा खुला प्रकार, त्यात आवाजाचा कणही गळत नाही आणि जागा सीडीच्या निम्मी ते दहा आणे लागते. एका टेराबाइटमध्ये अडीच-तीन हजार सीडी सहज बसतात. फ्लॅकचं मोठेपण आवाजात आहे त्याहून जास्त नावांत आहे: त्यात तुम्हाला हवी ती खाच तुम्ही स्वतः पाडू शकता. ‘राग’, ‘ताल’, ‘बंदिश’, ‘तबला’, ‘हार्मोनियम’, ‘मैफल’, खाचेचं नाव तेवढं रोमन लिपीत, आतला मजकूर सगळा देवनागरीत, लांबीची कटकट नाही. एमपी३टॅगसारख्या सॉफ्टवेअरने एका दमात शंभर फाइली भरता येतात. मात्र एकदा ‘बागेश्री’ लिहिलंत की सगळीकडे ‘बागेश्री’च लिहा. जुन्या एमपी३ आहेत तशाच ठेवा, त्यांचं फ्लॅक करून आवाज सुधारत नाही, नावं मात्र त्यांनाही लिहा.

हे झालं की दुकानात जा आणि विक्रेत्यापुढे तुमची स्वतःची डिस्क ठेवा, त्याचा डेमो नको. चार गोष्टी करून दाखव म्हणा. एक, ‘राग’ या खाचेवरून यादी लाव. मिनिमसर्व्हर, फूबार २००० यांसारख्या सॉफ्टवेअरला हे जमतं. दिमाखदार पडद्याच्या पुष्कळ महाग यंत्रांना जमत नाही. दोन, देवनागरी चौकोन-चौकोन न होता दाखव. तीन, विलंबित आणि द्रुत दोन फाइलींत तोडलेला ख्याल सलग वाजव. मध्ये अर्ध्या सेकंदाचा खड्डा पडला तर यंत्र परत. चार, इंटरनेटची वायर काढून वाजवून दाखव. कंपनी उद्या बुडाली किंवा तिचं मन बदललं तरी माझं गाणं माझ्या घरात वाजलं पाहिजे. स्क्वीझबॉक्स या गाणी वाजवणाऱ्या यंत्राचं उदाहरण समोर आहे. लॉजिटेकने ते बनवणारी कंपनी २००६ मध्ये घेतली, २०१२ मध्ये यंत्र बंद केलं. पण सर्व्हरचं सॉफ्टवेअर खुलं होतं, म्हणून जगभरच्या हौशी लोकांनी ते लिरियन या नावाने आजही चालतं ठेवलंय. खुलं ते टिकतं, बंद ते मालकाच्या मर्जीवर.

या चार परीक्षा हजारांत मिळणारा रास्पबेरी पाय हा छोटा संगणक, त्याला जोडलेला साधा डॅक (आकड्यांचा आवाज करणारी डबी) आणि एक हार्ड डिस्क मिळून पास होतात. लाखभराची पुष्कळ खोकी नापास होतात. वाचलेले पैसे स्पीकरवर घाला, आणि घरातलं अर्थिंग नीट करून घ्या, नाहीतर तानपुऱ्यामागे ५० हर्ट्झची महावितरणची साथ फुकट मिळेल. आणि प्रती दोन ठेवा, दोन वेगळ्या घरांत. २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेचं पाणी कुठवर आलं ते ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे सांगायला नको. तरी दोन्ही डिस्क एकाच कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवणारे आहेतच. ज्यांना एवढा खटाटोप नको, नुसती जुनी सिनेमाची गाणी हवीत, त्यांनी ५,००० गाणी भरून येणारा कारवां घ्यावा, बटण दाबावं आणि खुशाल ऐकावं. त्यात कमीपणा काही नाही. निदान ते संग्राहक असल्याचा आव आणत नाहीत.

आव आणणाऱ्यांसाठी शेवटचे चार शब्द. कोल्हापूर-सांगली-मिरजेच्या कपाटांत खासगी मैफलींची किती ध्वनिमुद्रणं कुलूपबंद आहेत, याची नुसती कुजबूज ऐकू येते. ‘माझ्याकडे असं आहे की जगात कुणाकडे नाही’ हे वाक्य या टापूत दर तिसऱ्या रसिकाच्या तोंडी असतं. जगात कुणाकडे नाही आणि तुमच्या डिस्कवर त्याला नावही नाही, म्हणजे ते तुमच्याकडेही नाही. तुम्ही त्याचे मालक नाही, राखणदारही नाही. राखणदाराला निदान आत काय आहे ते माहीत असतं. नाव लिहायचं नाही, कुणाला द्यायचं नाही, आणि गेल्यावर पोरांनी डिस्क फॉरमॅट करून त्यावर लग्नाचा व्हिडिओ भरायचा, हा संग्रह नव्हे, ही विल्हेवाट आहे. फक्त सावकाशीने केलेली.

तेव्हा सिस्टम कोणती घेऊ असं मला विचारू नका. डिस्क उघडा आणि पहिल्या फाइलीला नाव द्या, मग दुसरीला. राग ओळखता येत नसेल तर ज्याला येतो त्याला घरी बोलवा, ऐकवा, विचारा, लिहून घ्या. गाव अजून इतकं रिकामं झालेलं नाही. आणि हेही होत नसेल तर खुशाल लाखाची पेटी घ्या, काच हलवा, मागच्या गल्लीला ऐकवा. फक्त स्वतःला रसिक म्हणवून घेऊ नका.